नाण्यांचं ग्रेडिंग नीट व्हावं म्हणून आम्ही काय मागतोय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पुण्यातले सात-आठ जण, नाणी जमवतो, बुधवार-रविवार जुन्या बाजारात चक्कर ठरलेली. ग्रेडिंग सर्व्हिसवाल्यांना द्यायला आम्ही सूचनांची एक यादी केलीय, आणि ती ज्याला दाखवावी तो तेच तेच प्रश्न विचारतो, मग म्हटलं एकदाच लिहून टाकू. काही उत्तरं लांबलीत, काही एका ओळीत संपलीत, जसं सुचलं तसं लिहिलंय.

ग्रेडिंगवाले नाण्याची किंमत काढून देतात ना?

नाही हो. किंमत बाजारात ठरते. ग्रेडिंगवाले दोनच गोष्टी सांगतात, नाणं खरं आहे का आणि ते कुठल्या अवस्थेत आहे. मग ते पारदर्शक कडक प्लास्टिकच्या डबीत सील करतात, तिला सगळे स्लॅब म्हणतात, आत लेबल, लेबलवर ग्रेड आणि सर्टिफिकेट नंबर. आता तो आकडा बघूनच लोक पाकिटात हात घालतात हे खरं, आणि सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात, कारण एमएस ६४ आणि एमएस ६५ (एमएस म्हणजे न वापरलेलं, कोरं नाणं) मधला फरक डोळ्याला केसाएवढा आणि किमतीत कधीकधी दुपटीचा.

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकेतून. तिथे पूर्वी डीलर विकत घेताना म्हणायचा "घासलेलं आहे, काय देऊ याचे" आणि तेच नाणं विकताना म्हणायचा "एकदम कोरं". (आपल्याकडे अजूनही म्हणतात, असो.) म्हणून घेणारा नाही, विकणारा नाही, असा तिसराच कोणीतरी निकाल देईल अशी कल्पना निघाली. १९८६ मध्ये पीसीजीएस ही ग्रेडिंग कंपनी आली, १९८७ मध्ये दुसरी, एनजीसी, आणि आज जगभर याच दोघींचे स्लॅब सगळ्यात जास्त फिरतात.

पण ७० पैकीच का? १०० पैकी मार्क दिले असते तर समजायला सोपं नसतं का गेलं?

याची गोष्ट मजेशीर आहे. विल्यम शेल्डन नावाचा एक मानसशास्त्रज्ञ होता, त्याला अमेरिकेचे जुने तांब्याचे मोठे सेंट जमवायचा नाद. १९४९ मध्ये त्याने १ ते ७० अशी पट्टी मांडली, आणि तिचा अर्थ सरळ पैशाचा होता, म्हणजे अगदी झिजलेल्या नाण्याची मूळ किंमत एक धरली तर सर्वोत्तम नाण्याची सत्तर. किमतीचं गणित काही वर्षांतच कोलमडलं, पण आकडे मात्र राहिले आणि तांब्याच्या सेंटवरून सोन्या-चांदीच्या सगळ्या नाण्यांवर पसरले. आज न वापरलेल्या नाण्याला ६० ते ७० अशा अकरा पायऱ्या आहेत, वर २०१० पासून काही ग्रेडना 'प्लस' पण लागतो. म्हणजे एका देशाच्या एका धातूच्या एका नाण्यासाठी केलेली फूटपट्टी घेऊन आपण पेशव्यांच्या काळातला रुपया मोजतोय. आमच्या निम्म्या सूचना या एका वाक्यातून निघाल्यात.

नाणं पाठवल्यावर तिकडे त्याचं करतात काय?

चांगल्या सर्व्हिसमध्ये आधी नोंद होते, मालकाचं नाव बाजूला ठेवतात, नाण्याला नुसता नंबर मिळतो. मग किमान दोन ग्रेडर एकमेकांना न विचारता आपापला आकडा लिहितात. नाणं कडेने धरायचं, दिव्याखाली तिरकं करून हळूहळू फिरवायचं, चकाकी चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरते का बघायचं, लागलं तर भिंग. साध्या नाण्याला काही सेकंद पुरतात, सराईत माणसाला तेवढं दिसतं. मग एक सीनियर बसतो तो शेवटचा आकडा ठरवतो, आणि मग सीलिंग, फोटो, परत एक तपासणी.

बरं मग तुमची तक्रार एका वाक्यात सांगा.

आकडा देता, कारण देत नाही.

म्हणजे?

शाळेत गणिताच्या पेपरात स्टेप्सला मार्क असायचे आठवतंय ना, नुसतं उत्तर लिहिलं तर मास्तर विचारायचे कुठून आणलंस. इथे उलटं आहे, मास्तरच नुसतं उत्तर लिहून देतात. ग्रेडरने त्या काही सेकंदांत काय काय पाहिलेलं असतं, झीज कुठे आहे, ठसा नीट उठलाय का, चकाकी किती उरलीय, ठोके कुठे आहेत, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं आणि कागदावर येतो फक्त ५८. आमचं म्हणणं एवढंच की दहा-बारा चौकोनांची एक चिठ्ठी करा, टिक मारायला फार तर अर्धा मिनिट, आणि ती सर्टिफिकेट नंबरवर ऑनलाइन दिसू द्या. झीज: राणीच्या कानावरचे केस आणि मुकुट. ठोका: कडेला, घड्याळात सात असतात त्या जागी. चकाकी: अक्षरांच्या आसपास शिल्लक. एवढं जरी लिहिलं तरी नवीन माणूस ती चिठ्ठी हातात घेऊन स्वतःच्या नाण्याकडे बघेल आणि शिकेल, आणि जुना माणूस भांडायचं तर मुद्द्यावर भांडेल.

एका मित्राचं म्हणणं असं की कारण लिहिलं की सर्व्हिसवाले अडकतात म्हणून ते लिहिणार नाहीत. असेलही.

हे सगळं तुमच्या डोक्यात आलं कशावरून?

आजीच्या डब्यावरून. हॉर्लिक्सची काचेची बाटली जुनी, तिच्यात आजीचे चांदीचे रुपये, वर्षातून एकदा लक्ष्मीपूजनाला बाहेर निघायचे. निघाले की पहिलं काम घासणे. चिंचेचा कोळ, थोडी रांगोळी, आणि अंगठ्याने गोल गोल, मग स्वच्छ पाण्यातून काढून पंचावर वाळत. पुढे आईच्या काळात चिंच जाऊन टूथपेस्ट आली. आम्ही पोरं बाजूला बसून राणी छाप वेगळे आणि राजा छाप वेगळे लावायचो. त्या बाटलीतले दोन रुपये, दोन्ही १८६२ चे राणी छाप, मी आपल्याकडच्या एका सर्व्हिसकडे एकाच पाकिटातून पाठवले. एक आला "डिटेल्स, क्लीन्ड", म्हणजे घासलेलं म्हणून आकडा नाही. दुसरा आला एयू ५५ (म्हणजे जवळपास कोरं), स्वच्छ निकाल, कसलाही शेरा नाही. अहो दोघांनी साठ-सत्तर दिवाळ्या एकाच ताटात चिंच खाल्लीय! फोन केला, तर उत्तर आलं की "सर, क्लीन्ड म्हणजे क्लीन्ड". नंतर दहा पटीच्या भिंगाखाली दोन्ही शेजारी ठेवून बघितले तेव्हा कळलं, पहिल्यावर राणीच्या गालावर आणि मानेमागच्या मोकळ्या जागेत बारीक रेघा आहेत, सगळ्या एकाच दिशेने वळलेल्या, अंगठा फिरायचा तशा. दुसऱ्यावर पण आहेत पण त्यावर काळपट टोनिंगचा, म्हणजे वर्षानुवर्षं आपोआप चढणाऱ्या रंगाचा, थर चढलाय म्हणून पटकन दिसत नाहीत. म्हणजे पहिला निकाल बरोबरच होता, माझं भांडण निकालाशी नव्हतंच, पण हे मला त्यांनी दोन ओळीत सांगितलं असतं तर मी तीन आठवडे चडफडत बसलो नसतो.

घासलेल्या नाण्याला आकडा न देणं योग्यच आहे की.

अमेरिकन नाण्यांपुरतं ठीक असेल, तिकडे न घासलेली नाणी मिळतात. आपल्याकडे चांदीचं नाणं म्हणजे लक्ष्मी, ती घासून पुसून पूजेला मांडायची हा संस्कार, त्यामुळे घराघरातून येणारे बहुतेक रुपये कधी ना कधी घासलेले असणारच. त्या सगळ्यांना "क्लीन्ड" या एकाच पोत्यात घातलं तर पोत्याला काही अर्थ उरत नाही. लोखंडी घासणीने खरवडलेला रुपया आणि शंभर वर्षांपूर्वी एकदा पुसून परत छान टोन झालेला रुपया, दोघांवर शिक्का एकच. आमची सूचना अशी की तीन पायऱ्या करा, हलकं, मध्यम, जबर, आणि सोबत झिजेचा आकडा पण द्या. डिटेल्सवाल्या स्लॅबवर बऱ्याचदा नुसतं "एक्सएफ डिटेल्स" असं मोघम असतं (एक्सएफ म्हणजे थोडंसंच झिजलेलं, ४० किंवा ४५), तिथे ४० का ४५ ते कळत नाही.

तसंच कडीचं. जुने रुपये आणि पुतळ्या माळेत ओवलेल्या असायच्या, वर कडी डाग देऊन बसवलेली, ती नंतर काढली की कडेवर खूण राहते. तिला "डॅमेज" म्हणू नका, "दागिन्यातून काढलेलं" म्हणा, वाचणाऱ्याला लगेच कळतं की नाण्याचं आयुष्य कसं गेलं.

हातठशाच्या नाण्यांचं वेगळं काय मागताय? शिवराईला पण ग्रेड मिळतो की.

मिळतो, पण त्याचा उपयोग काय ते सांगा. मशीनवर पाडलेला रुपया प्रत्येक सारखाच निघतो, म्हणून त्यात फक्त झीज मोजली तरी चालतं. शिवराई, म्हणजे मराठ्यांचं तांब्याचं नाणं, तशी नाही. तांब्याचा तुकडा खालच्या ठशावर ठेवायचा, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा. तुकडा बहुतेक वेळा ठशापेक्षा लहान, हात थोडा हलला की एका बाजूचं अक्षर बाहेर. एका बाजूला तीन ओळीत "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्र पति", आता माझ्याकडे एक आहे त्यावर "श्री" पूर्ण, "राजा" मधला "रा" अर्धा गेलाय, "शिव" स्पष्ट, मागे "छत्र" पूर्ण आणि "पति" ची वेलांटी कडेबाहेर. आम्ही जमवणारे हेच बघतो, किती अक्षरं तुकड्यावर उतरलीत. झिजलेली पण पूर्ण अक्षरांची शिवराई, कोऱ्यासारखी पण अर्धीच अक्षरं असलेल्या शिवराईपेक्षा आमच्यात जास्त मानाची. आणि स्लॅबवर काय येतं, व्हीएफ ३०, म्हणजे मध्यम झिजलेलं. त्या तीसमध्ये अक्षरांचा हिशोब कुठेच नाही.

यावर उपाय नवा शोधायचा पण नाहीये. एनजीसीचा प्राचीन नाण्यांचा विभाग ग्रीक-रोमन नाण्यांना झिजेच्या ग्रेडसोबत ठशाला ५ पैकी आणि पृष्ठभागाला ५ पैकी असे वेगळे गुण देतो. तेच मराठा, मुघल, संस्थानी नाण्यांना लावा आणि त्यात तिसरा रकाना घाला: मजकूर किती उतरला. पेशवाईतला अंकुशी रुपया घ्या, त्यावर फारसी मजकूर शाह आलम बादशहाच्या नावाने असतो, पण तुकड्यावर येतो त्यातला थोडाच भाग, आणि अंकुशाची खूण दिसतेय का नाही यावर ते नाणं कुठल्या टाकसाळीचं हे ठरतं. अंकुश अर्धा कापला गेलाय का पूर्ण आहे हे लेबलवर हवं, पंचावन्न का अठ्ठावन्न ते नंतर बघू.

सराफाच्या खुणांबद्दल पण यादीत काहीतरी होतं.

हो. जुन्या काळी सराफ रुपया खरा का ते तपासायला त्यावर बारीक ठसा मारायचे, कधी चांदणी, कधी फूल, कधी नुसता टोचा. एका अर्थाने ते त्या काळचं ग्रेडिंगच होतं. चिनी व्यापाऱ्यांनी डॉलरवर मारलेल्या असल्याच खुणांना तिकडे वेगळं नाव आहे आणि तशा नाण्यांचे शौकीन पण आहेत, तर आपल्या सराफाने काय घोडं मारलंय. "डॅमेज" काढा, "सराफी खुणा, अमुक इतक्या" असं लिहा.

मग सरळ अमेरिकेला पाठवा ना, तिकडे नावाजलेल्या कंपन्या आहेत.

थांबा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, त्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं हे पुरावशेष धरलं जातं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. विकायला नाही, ग्रेड करून परत आणायचंय, असं म्हणून भागत नाही. म्हणजे शिवराई गेली, होन (सोन्याचं नाणं) गेला, व्हिक्टोरिया आणि एडवर्डचे सगळे रुपये गेले, आणि पंचम जॉर्जचे सुरुवातीचे पण गेले, आणि ही रेघ दर वर्षी एक वर्ष पुढे सरकतेय. उरतात ते जॉर्जचे शेवटचे, सहावा जॉर्ज आणि आपली स्वतंत्र भारताची नाणी.

म्हणूनच आम्ही म्हणतो की खरी गरज इथल्या चांगल्या सर्व्हिसची आहे, आणि बाहेरच्यांना काही सांगायचंच असेल तर हे की ग्रेडर इकडे पाठवा, नाणी तिकडे मागवू नका. परदेशी कंपनी इथे चार दिवस बसून जागेवर ग्रेड करून गेली तर नाणं कस्टममध्ये अडकायचा प्रश्नच येत नाही.

वजन, धातू हे सगळं ते बघतातच ना?

बघत असतील, पण सांगत नाहीत सगळे, आणि ते लेबलवर यायलाच हवं. ब्रिटिश काळातल्या चांदीच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात ९१.७ टक्के चांदी. १९४० पासून चांदी एकदम ५० टक्क्यांवर आली, वजन तेच ठेवलं. आता १९३९ चा रुपया घ्या, दुर्मिळ, त्यामुळे त्याचा मोह सगळ्यांना. १९३८ चा घेऊन शेवटच्या ८ चा ९ करणारे कारागीर आहेत, त्यात वजन आणि धातू दोन्ही बरोबरच येणार, तिथे भिंगाखाली आकड्याच्या बुडाशी कोरल्याच्या खुणा शोधाव्या लागतात. पण कुणी १९४० नंतरच्या रुपयावर हात चालवला असेल तर एक ग्लास पाणी पुरतं. आधी कोरडं वजन घ्या, मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून घ्या. चांगल्या चांदीचा रुपया पाण्यात साधारण १.१३ ग्रॅमने हलका होतो, पन्नास टक्केवाला १.२२ च्या आसपास. फरक छोटा वाटतो पण सोनाराच्या काट्याला तो सहज दिसतो.

एक्सआरएफ मशीन पण असतं, नाणं न खरवडता धातू सांगतं, पण ते फक्त वरचा पातळ थर वाचतं. जाड मुलामा असेल तर फसतं. म्हणून आम्ही म्हणतो दोन्ही करा, आणि लेबलवर वजन दोन दशांश स्थळांपर्यंत छापा. काही कंपन्या प्राचीन नाण्यांवर वजन छापतातच, मग बाकीच्यांवर का नाही. नाणं एकदा डबीत सील झालं की ते परत कुणालाच मोजता येत नाही, निदान छापलेलं तरी असू द्या.

डबीच बनावट निघाली तर?

निघते. पीसीजीएस आणि एनजीसी दोघींच्या स्लॅबच्या नकला बाजारात आहेत, लेबल, होलोग्राम, बारकोड सकट. त्यावरचा नंबर बहुतेक वेळा खऱ्याच नाण्याचा असतो, वेबसाइटवर टाकला की "हो, आहे" असं येतं आणि माणूस निर्धास्त होतो. म्हणून नुसता नंबर टाकून थांबू नका, तिथला फोटो उघडा आणि हातातल्या नाण्याशी एकेक ओरखडा जुळवा. आमची मागणी इथे सोपी आहे, प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंचा आणि कडेचा पण मोठा फोटो, जादा पैसे न घेता. कडेचा फोटो मुद्दाम म्हणतोय, ओतीव नकलेची शिवण कडेवरच सापडते आणि स्लॅबची पकड बरोब्बर तीच झाकते. पीसीजीएसने आता लेबलमध्ये चिप बसवायला सुरुवात केलीय, मोबाइल टेकवला की माहिती येते, चांगलं आहे, पण चिप डबी ओळखते, नाणं नाही.

निकाल पटला नाही तर काय करायचं?

सध्या? परत पैसे भरा, परत पाठवा. काही बहाद्दर डबी फोडून कोऱ्या नावाने तेच नाणं पुन्हा पाठवतात, आणि आकडा वाढेपर्यंत पाठवत राहतात. याचा अजून एक घोळ होतो. सर्व्हिसवाले किती नाणी कुठल्या ग्रेडला आली याचा तक्ता ठेवतात, आणि तेच नाणं चार वेळा गेलं की तक्त्यात चार नाणी दिसतात. तुम्ही आपले बघून म्हणता अरे ही तर चार आहेत, दुर्मिळ कसली! जुनं लेबल परत पाठवलं तर नोंद कमी करतात, पण लेबल परत पाठवणार कोण, टपालखर्च कोण घालणार. आम्ही सुचवलंय की परत आलेल्या प्रत्येक जुन्या लेबलमागे पुढच्या फीमध्ये थोडी सूट द्या, बघा कशी पाकिटं येतात. आणि हल्ली प्रत्येक नाण्याचा फोटो असतोच, तर नवीन आलेलं नाणं जुन्या फोटोंशी कॉम्प्युटरने जुळवून बघणं अवघड नसावं.

अमेरिकेत २००७ पासून सीएसी नावाची सोय आहे, ग्रेड झालेलं नाणं तिथे पाठवायचं, त्यांना तो ग्रेड भक्कम वाटला तर स्लॅबवर हिरवा स्टिकर, ग्रेडपेक्षा नाणं सरस वाटलं तर सोनेरी. नाही वाटलं तर स्टिकरच नाही. म्हणजे तपासणाऱ्यांना तपासणारे. लोक हसले होते सुरुवातीला, पण स्टिकरवाल्या नाण्याला जास्त भाव येतो. तसं इथे व्हायला वेळ आहे, तोवर निदान निकालानंतरच्या पहिल्या महिन्यात एक फुकट अपील द्या, वेगळ्या ग्रेडरकडून.

कॉम्प्युटरनेच ग्रेड केलं तर ही कटकटच मिटेल ना?

प्रयत्न करून झालाय. पीसीजीएसने १९९० मध्येच कॉम्प्युटर ग्रेडिंगची मशीन दाखवली होती, टिकली नाही. आता कॅमेरे आणि एआय दोन्ही खूप पुढे गेलेत, त्यामुळे नवीन मशीनच्या नाण्यांना, सारख्याच निघणाऱ्या, जमेल असं वाटतं. पण चकाकी ही फोटोत दिसत नाही, ती नाणं हलवल्यावर दिसते. आणि शिवराईसमोर तो एआय काय करेल देव जाणे. मोजायची, जुळवायची कामं मशीनला द्या, निकाल माणसाने द्यावा.

ग्रेडर स्वतःच नाणी विकत असेल तर?

तर तो ग्रेडर नको. एनजीसीमध्ये ग्रेडरना नाण्यांचा व्यापार करायला बंदी आहे. आपल्याकडे हे क्षेत्र एवढंसं, सगळे सगळ्यांना ओळखतात, डीलरच तज्ज्ञ आणि तज्ज्ञच डीलर, त्यामुळे निदान लिहून तरी जाहीर करा की कोण ग्रेड करतंय आणि तो काय विकतो. यावर जास्त लिहीत नाही, पुढच्या रविवारी बाजारात तोंड दाखवायचंय.

लेबलवर अजून काय हवं?

प्रकार. आमच्या त्या १८६२ च्या रुपयाचंच घ्या, हे साल टाकसाळीत गोठून बसलं होतं, १८७४ पर्यंत रुपयावर १८६२ च छापत राहिले. मुंबईच्या रुपयांवर बारीक ठिपके आहेत, त्यांच्या संख्येवरून ते कुठल्या वर्षी पाडले याचा अंदाज लावतात. नुसतं "१८६२" लिहिलं तर बारा वर्षांची नाणी एका नावाखाली गेली. ठिपके मोजा, लिहा.

आणि रीस्ट्राइक! टाकसाळींनी जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी नंतर परत पाडलेली चकचकीत नाणी (अशा चकचकीत नाण्यांना प्रूफ म्हणतात). ती खोटी नाहीत पण त्यावर जे साल आहे त्या सालची पण नाहीत. लेबलवर हा शब्द सालाएवढ्याच मोठ्या अक्षरात हवा.

लेबल मराठीत हवं का असं पण एकाने विचारलं. हवं की. "श्री राजा शिव" लिहिलेल्या नाण्याच्या वर सगळं इंग्रजी, बरं नाही दिसत.

फीबद्दल काही सूचना?

मोठ्या कंपन्यांची फी नाण्याच्या किमतीप्रमाणे चढत जाते, कारण नाणं खोटं निघालं किंवा ग्रेड चुकला तर भरपाईची हमी असते. हमी असेल तर ठीक. हमी न देता किमतीवर फी घेणं म्हणजे पावसाळ्यात छत्री न देता छत्रीचे पैसे घेणं.

माझ्याकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं आहे, ग्रेड करून घेऊ का? दहा लाखाला जातं म्हणे.

जात नाही. २०१२ चं ते, टाकसाळीतून चिकार निघालेलं. दहा लाख देतो म्हणणारा आधी "रजिस्ट्रेशन फी" मागेल, मग "टॅक्स" मागेल, मग फोन बंद. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की असल्या खरेदी-विक्रीत बँक कुठेच नाही आणि ती कसलं कमिशन मागत नाही. नाणं ठेवा, पैसे भरू नका.

आमच्या शेतात नांगरताना होन सापडला. कुठे पाठवू?

कलेक्टर ऑफिसला. चेष्टा नाही करत, १८७८ चा निखात निधी कायदा आहे, जमिनीत सापडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो. आणि मुळात तो खरा आहे का हे पण बघा, शिवछत्रपतींचा होन जितका दुर्मिळ तितक्या त्याच्या नकला उदंड. अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत, मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे, कडेला शिवण, यातलं काहीही दिसलं तर तो ओतीव. घासू मात्र नका!

हे सगळं शिकायचं कुठे?

नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे नाण्यांचं संग्रहालय पण आहे, एकदा जाऊनच या. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं संग्रहालय. बाकी खरी नाणी जितकी हाताळाल तितकी नजर बसते, यूट्यूबवर बसत नाही.

त्या आजीच्या दोन रुपयांचं पुढे काय केलंत?

एयू ५५ वाला डबीतच आहे, कपाटात. डिटेल्सवाल्याची डबी फोडली, टॉवेलात गुंडाळून कडेवर हातोडी, दोन ठोक्यात सुटली. तो आता देवघरात असतो आणि लक्ष्मीपूजनाला ताटात मध्यभागी. आई अजून दर दिवाळीला विचारते, जरा चिंच लावू का रे, किती काळा पडलाय. मी नाही म्हणतो. गेल्या वर्षी बाहेरून आलो तर चकाकत होता.